कुस्ती निकाली, चित्रण बेवारस

आयर्लंडच्या गॉलवे विद्यापीठातले प्राध्यापक शॉन क्रॉसन यांनी खेळ आणि चित्रपट यांच्या नात्याचा अभ्यास अनेक वर्षे केला आहे. गेलिक खेळ पडद्यावर कसे आले, यावरचे त्यांचे पुस्तक २०१९ साली निघाले. हर्लिंग हा काठी-चेंडूचा तिथला जुना खेळ. हॉलिवूडने तो वारंवार हाणामारी म्हणून रंगवला. जॉन फोर्ड तर आयरिश आईबापांचाच मुलगा, पण त्याच्याही १९५७च्या चित्रपटात सामन्याहून परतणारे खेळाडू जायबंदी दिसतात. तिथल्या क्रीडासंघटनेला ते झोंबले. मात्र १९४८ पासून आयर्लंडच्या चित्रपट संस्थेने हर्लिंग आणि फुटबॉलच्या अंतिम सामन्यांचे चित्रण स्वतः करायला घेतले होते. म्हणून परक्यांची नजर आणि घरची नजर शेजारी ठेवून तपासणे आज शक्य होते.

आपल्याकडे, जळगाव जिल्ह्यात, दीपनगरच्या वीज केंद्राभोवतीच्या गावांत यात्रेला कुस्त्यांची दंगल भरते. हलगी कडाडते, पुकारा होतो, नारळावरच्या पोरांच्या जोडीपासून शेवटच्या मोठ्या इनामापर्यंत माणसे धुळीत बसून असतात. याच जिल्ह्यातल्या चाळीसगाव तालुक्याच्या विजय चौधरींनी २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीन वर्षे महाराष्ट्र केसरीची गदा जिंकली. या मातीचे चित्रण कोणी सांभाळले आहे?

खेळांवरचे चित्रपट येत नाहीत असे नाही. नागराज मंजुळेंचा 'झुंड' २०२२ मध्ये आला, पॅरालिम्पिकपटू मुरलीकांत पेटकरांवरचा 'चंदू चॅम्पियन' २०२४ मध्ये. दोन्ही हिंदीत, आणि दोन्हींची नजर माणसाच्या जिद्दीवर. ती असावीच. पण खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक जिंकले, ते ज्या आखाड्यांच्या, वस्तादांच्या आणि जत्रांच्या बळावर, त्यांची गोष्ट एका नायकाच्या चरित्रात मावत नाही. खेळ हा गावाचा असतो, हे पडद्यावर यायला गर्दीही नीट दिसावी लागते.

कॅमेऱ्याचे हात आपल्याकडे नाहीत, असे खानदेशाच्या शेजारच्या मालेगावकडे पाहून कोण म्हणेल? तिथल्या नासिर शेखने २००० साली हौशी मंडळींना घेऊन 'मालेगाव के शोले' काढला. आज तर प्रत्येक दंगलीत पन्नास मोबाईल उभे असतात. कुस्ती थेट दाखवली जाते आणि चार दिवसांनी सापडत नाही. सापडली तरी गाव कोणते, वर्ष कोणते, जोड कोणाची, वस्ताद कोण, हे लिहिलेले नसते. नावगाव नसलेले चित्रण अभ्यासकाच्या फारसे उपयोगी पडत नाही.

पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून आहे. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी विद्यापीठाने त्या संग्रहालयाचा सल्ला घेऊन खानदेशातल्या दंगली, कबड्डी आणि खो-खोच्या चित्रणाचा संग्रह उभारावा. यात्रा समित्यांकडच्या जुन्या व्हिडिओ कॅसेट बुरशी लागण्याआधी गोळा कराव्यात, तारीख-गावासह नोंदवाव्यात. सोबत मुलाखतीही घ्याव्यात: पहिली विजय चौधरींची, आणि लगोलग दुसरी आयुष्यभर फडात हलगी वाजवणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्या कलावंताची.