फलकामागील नोंद

वाकडच्या नव्या वसाहतींत बालसमुपदेशकांचे फलक वाढत आहेत. नव्या गिऱ्हाइकाला उधारी देण्यापूर्वी जीएसटी क्रमांक तपासणारा व्यापारी पिता मुलाला मात्र फलक वाचूनच आत पाठवतो! अमेरिकेत शालेय मानसशास्त्रज्ञास राज्याचे प्रमाणपत्र वा परवाना लागतो. आपल्याकडे त्या नावाचा स्वतंत्र परवाना नाही. चिकित्सा व पुनर्वसन मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक यांची नोंद मात्र भारतीय पुनर्वास परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत होते. ती मुदतीची असते. नूतनीकरणासाठी निरंतर शिक्षणाचे गुण मिळवावे लागतात. १९९२ च्या कायद्यानुसार नोंदीविना असा व्यवसाय करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. (हजार रुपयांची धास्ती आज कोणाला?) तेव्हा क्रमांक आणि मुदत पालकांनीच विचारावी, त्यात अपमान कसला?

अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात समाविष्ट आहे. परंतु दहावीच्या परीक्षेत जादा वेळ वा लेखनिक हवा असल्यास अधिकृत रुग्णालयाचे प्रमाणपत्र लागते. केवळ खाजगी अहवालावर भागत नाही. ‘समाजात कळेल, पुढे सोयरीक अडेल’ या भीतीने कित्येक घरे तपासणी लांबवतात, आणि परीक्षेचा अर्ज भरण्याची वेळ आली की धावपळ सुरू होते. आठवीतच नाव नोंदवले, तर हाती दोन वर्षे उरतात.