बशीतली शिफा

गेल्या महिन्यात आम्ही शिरूरहून न्हावऱ्यामार्गे दौंडला खालाजानना भेटायला गेलो. त्यांची पुण्यात केमोथेरपी चालू आहे. उशाशी एक तपकिरी बाटली होती : प्रोपोलिस.

"बेटा, दुकानदार म्हणाला, यानं कॅन्सरच्या पेशी मरतात. आता त्या सुया नकोत. मधमाशीचंच आहे ना? सूरह नहलमध्ये शिफा सांगितलीय."

आम्ही पेशाने शिक्षक. आधी बाटलीवरचा मजकूर वाचला, मग बोललो.

प्रोपोलिस म्हणजे मध नव्हे. झाडांचा चीक आणि डिंक गोळा करून, त्यात मेण मिसळून मधमाश्या घराच्या फटी लिंपतात. पेटीत मेलेला उंदीर बाहेर ओढता आला नाही, तर त्यालाही हाच लेप देतात, म्हणजे तो कुजत नाही. आयत मात्र मधमाशीच्या पोटातून निघणाऱ्या पेयाविषयी आहे.

दुकानदाराचे सगळेच खोटे नव्हते. प्रोपोलिसमधला 'केप' हा घटक कॅन्सरच्या पेशींना मारतो, असे १९८८ साली शास्त्रज्ञांनी दाखवले. हर्पिसच्या विषाणूवरही प्रयोगशाळेत त्याचा असर दिसला. पण हे काचेच्या बशीत. पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या एनसीसीएस या संस्थेत अशा पेशी जपून ठेवतात आणि संशोधकांना पुरवतात. बशीतल्या पेशीला ना पोट, ना यकृत. औषध थेट तिच्यावर पडते. आपण गिळलेले थेंब पोटात पचतात, यकृत ते मोडते, रक्तात पोचतो तो थोडा अंश. बशीत मिठाचे दाट पाणीही पेशी मारते. म्हणून मीठ कॅन्सरचे औषध ठरत नाही.

आणखी दोन गोष्टी. हा अर्क बहुधा अल्कोहोलमध्ये काढतात, तेव्हा लेबल वाचावे. आणि काहींना प्रोपोलिसची अ‍ॅलर्जी होते, अंगावर पुरळ उठते.

खालाजान बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मग मी काय करू?"

"बाटली घेऊन डॉक्टरांकडे जाऊ. विचारू."

गेलो. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "थेंब थांबवा, इंजेक्शनं पूर्ण करा."

तीन सुया बाकी आहेत. वाचकहो, घरात कुणी अशी बाटली आणली तर हसू नका, हिसकावूही नका. ती डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. आणि खालाजानसाठी दुआ करा.