एक आस की दोन? ट्रेलरची निवड आणि रस्त्यांचे आयुष्य

बंगळुरूच्या पूर्व भागात मारतहळ्ळी येथे बाह्य वर्तुळाकार मार्ग आणि जुना विमानतळ रस्ता एकमेकांना छेदतात. अवजड मालमोटारींनी शहरात न शिरता बाहेरून निघून जावे, या हेतूने नव्वदच्या दशकात या वर्तुळाकार मार्गाच्या उभारणीला सुरुवात झाली. पुढे याच मार्गालगत माहिती तंत्रज्ञान कंपन्यांची संकुले उभी राहिली आणि मालवाहतुकीसाठी बांधलेला रस्ता नोकरदारांच्या वाहनांनी व्यापून गेला. जवळच व्हाइटफिल्ड येथे कंटेनर कॉर्पोरेशनचे अंतर्देशीय कंटेनर आगार असल्याने ट्रेलरची ये-जाही सुरूच राहिली. एकच रस्ता दोन कामांसाठी वापरला जात असताना त्यावरून कोणत्या प्रकारचा ट्रेलर न्यावा, हा प्रश्न वाहनमालकाच्या हिशेबापुरता मर्यादित राहत नाही.

ट्रेलर घेताना मालकापुढे मुख्यतः दोन पर्याय असतात. ट्रेलरच्या मागील भागास एकच आस असावी, की जवळजवळ बसवलेल्या दोन आसांची जोडी असावी? वाहतूकदार त्यांना अनुक्रमे सिंगल ॲक्सल आणि डबल ॲक्सल म्हणतात. एका आसेवर सामान्यतः चार टायर असतात, तर जोडीवर आठ. वरकरणी हा टायरच्या खर्चाचा प्रश्न वाटतो. प्रत्यक्षात वजनाचे कायदे, पथकराची रचना आणि रस्त्याखालील थरांची सहनशक्ती या तिन्ही गोष्टी त्यात गुंतलेल्या आहेत.

२०१८ चा निर्णय

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५८ अन्वये प्रत्येक आसेवरील सुरक्षित वजनाची कमाल मर्यादा ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे. १९८३ मध्ये ठरलेल्या मर्यादा साडेतीन दशके कायम होत्या. १६ जुलै २०१८ च्या अधिसूचनेने त्या वाढवण्यात आल्या. चार टायरच्या एकेरी आसेची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन झाली, दुहेरी आसेची १९ वरून २१ टन आणि तिहेरी आसेची २४ वरून २७ टन. दोन आसांच्या मालमोटारीचे एकूण वजन १६.२ वरून १८.५ टनांवर, तर सर्वांत मोठ्या जोडवाहनांचे ४९ वरून ५५ टनांवर गेले.

वाहतुकीचा खर्च कमी व्हावा, जादा भार भरण्याच्या प्रवृत्तीला आळा बसावा आणि भारतीय मर्यादा आंतरराष्ट्रीय प्रमाणांच्या जवळ याव्यात, अशी या निर्णयामागील भूमिका होती. त्यानंतर चारच दिवसांनी, २० जुलै रोजी, डिझेलचे दर आणि पथकर या प्रश्नांवरून मालवाहतूकदारांचा देशव्यापी संप सुरू झाला. पुढील काळात अवजड वाहनांची विक्री घटली. मंदी आणि वित्तपुरवठ्याची टंचाई ही त्यामागील कारणे होतीच, पण असलेल्याच वाहनांतून अधिक माल नेण्याची मुभा मिळाल्याने नव्या वाहनांची गरज काही काळ कमी झाली, हेही एक कारण मानले गेले.

आता हिशेब केवळ ट्रेलरपुरता पाहू. एकेरी आस ११.५ टन पेलते, तर दुहेरी आस २१ टन. म्हणजे आणखी एक आस जोडल्यावर क्षमता दुप्पट होत नाही, साडेनऊ टनांनी वाढते. जोडीतील दोन आसा जवळजवळ असल्याने त्यांचे दाब रस्त्याच्या खोल थरांत एकमेकांत मिसळतात. म्हणूनच जोडीची मर्यादा एकेरी आसेच्या दुपटीपेक्षा कमी ठेवली जाते.

चौथ्या घाताचे गणित

अमेरिकेत इलिनॉय राज्यातील ओटावा येथे १९५८ ते १९६० या काळात खास बांधलेल्या रस्त्यांवरून भरलेल्या मालमोटारी सतत फिरवून चाचणी घेण्यात आली. आसेवरील भार वाढला की रस्त्याची हानी त्या प्रमाणात न वाढता साधारणपणे त्याच्या चौथ्या घाताने वाढते, असा निष्कर्ष या चाचणीतून निघाला. भार दुप्पट झाला, तर हानी सोळा पट होते. भारतातील डांबरी रस्त्यांचे संकल्पन आजही याच तत्त्वावर आधारलेले आहे.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या ३७ क्रमांकाच्या संहितेनुसार चार टायरच्या एकेरी आसेवरील सुमारे ८.१६ टन भार हे हानीचे एक एकक मानले जाते. दुहेरी आसेच्या बाबतीत हेच एकक सुमारे १५.१ टनांवर गाठले जाते. या मापाने पाहिल्यास २०१८ पूर्वी पूर्ण भरलेली एकेरी आस आणि पूर्ण भरलेली दुहेरी आस, दोन्ही एका फेरीत सुमारे अडीच एकके हानी करीत असत. नव्या मर्यादेत एकेरी आसेची हानी जवळजवळ चार एककांवर, तर दुहेरीची सुमारे पावणेचार एककांवर गेली.

यातून दोन गोष्टी दिसतात. पहिली, एकेरी आसेवर कायद्याने सुमारे १३ टक्के अधिक वजनाची परवानगी दिली, परंतु त्यामुळे होणारी हानी सुमारे ६० टक्क्यांनी वाढली. दुसरी, दुहेरी आस जवळजवळ दुप्पट भार वाहून नेते आणि तरीही रस्त्याची हानी किंचित कमीच करते. प्रत्येक टनामागे पाहिले, तर ही हानी एकेरी आसेच्या जवळपास निम्मी भरते. रस्त्याच्या दृष्टीने निवड स्पष्ट आहे.

जादा भाराचे चित्र याहून गंभीर आहे. ११.५ टनांच्या एकेरी आसेवर १५ टन लादले, तर जादा भार साडेतीन टनांचा असतो, पण रस्त्याची हानी जवळजवळ तिप्पट होते. वीस वर्षे टिकावा म्हणून बांधलेला रस्ता काही वर्षांतच का उखडतो, याचे एक उत्तर येथे सापडते.

मालकाचा हिशेब वेगळा

असे असतानाही एकेरी आसेचे ट्रेलर मागे पडलेले नाहीत, आणि त्यालाही कारणे आहेत. आठ टायर, दुप्पट ब्रेक आणि अधिक पाटे म्हणजे खरेदीचा व देखभालीचा खर्च अधिक. ट्रेलरचे स्वतःचे वजनही वाढते. शिवाय वळण घेताना जोडीतील दोन्ही आसा एकाच बिंदूभोवती फिरू शकत नाहीत, त्यामुळे टायर आडवे घासले जातात. मारतहळ्ळीसारख्या भागात मुख्य मार्गावरून सेवा रस्त्यावर आणि तेथून गोदामाच्या फाटकात वळताना ही घासणी सर्वाधिक असते. त्यातून टायर झिजतात आणि चौकातील डांबरही सरकते. रिकाम्या फेरीत आस उचलून धरण्याची सोय आता अनेक वाहनांत मिळते. तिने हा खर्च काही प्रमाणात वाचतो.

पथकराची रचनाही निवडीवर परिणाम करते. राष्ट्रीय महामार्गांवरील पथकर वजनाऐवजी आसांच्या संख्येवरून ठरतो. २००७-०८ हे आधारवर्ष धरून ठरलेल्या मूळ दरांत तीन आसांच्या व्यापारी वाहनास प्रतिकिलोमीटर २ रुपये ४० पैसे, तर चार ते सहा आसांच्या वाहनास ३ रुपये ४५ पैसे आकारणी आहे. दरवर्षी हे दर सुधारले जातात. दोन आसांच्या मोटारीमागे एकेरी आसेचा ट्रेलर जोडला, तर वाहन पहिल्या गटात राहते. दुहेरी आसेचा ट्रेलर जोडताच ते दुसऱ्या गटात जाते आणि मूळ दराने पथकर सुमारे ४४ टक्क्यांनी वाढतो. भरलेल्या फेरीत वाढीव मालाच्या भाड्यातून हा फरक भरून निघतो. परतीचा माल न मिळाल्यास मात्र तो मालकाच्या खिशातून जातो. रस्त्याची कमी हानी करणाऱ्या वाहनाकडून अधिक कर घेणारी ही पद्धत पुन्हा तपासून पाहण्याजोगी आहे.

कायदा आणि काटा

जादा भाराविरुद्ध कायदा पुरेसा कठोर आहे. ठरावीक रक्कम घेऊन जादा भाराच्या वाहनांना मुभा देण्याची काही राज्यांतील पद्धत सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००५ मध्ये बेकायदा ठरवली. २०१९ च्या दुरुस्तीने दंड दोन हजारांवरून वीस हजार रुपये झाला, शिवाय प्रत्येक जादा टनामागे दोन हजार रुपये. जादा माल उतरवल्याशिवाय वाहन पुढे नेता येत नाही, अशीही तरतूद आहे.

तथापि सामान्य वजनकाटा संपूर्ण वाहनाचे वजन सांगतो, प्रत्येक आसेवरचे सांगत नाही. एकूण वजन मर्यादेत असूनही पोलादाची गुंडाळी थोडी मागे ठेवली गेली, तर ट्रेलरच्या आसेवर मर्यादेबाहेर भार येऊ शकतो. दुहेरी आसेतही दोन्ही आसांवर भार समान वाटला गेला, तरच तिचा लाभ मिळतो. एका बाजूचा पाटा तुटला किंवा भार वाटणारा सांधा अडकला, तर दोन आसांचा ट्रेलर व्यवहारात एकाच आसेवर धावू लागतो.

सुरक्षिततेचा विचारही येथे येतो. न्हावा-शेवा बंदरातून निघून पुणे, कोल्हापूर, बेळगाव, हुबळीमार्गे बंगळुरूकडे जाणाऱ्या ट्रेलरला घाट उतरावे लागतात. दोन आसा असल्यास ब्रेकची उष्णता अधिक चाकांत विभागली जाते आणि एखादा टायर फुटला तरी वाहन सावरण्यास वाव राहतो. २१ डिसेंबर २०२४ रोजी याच महामार्गावर नेलमंगला येथे कंटेनर मोटारीवर उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. या दुर्घटनेचा संबंध आसांच्या संख्येशी जोडणे योग्य ठरणार नाही. परंतु अवजड वाहनाचा तोल सुटला, तर त्याची किंमत शेजारून जाणाऱ्यांना मोजावी लागते, हे तिने दाखवून दिले.

निवडीचे निकष

कापूस, फोम, पुठ्ठ्याची खोकी असा हलका पण जागा व्यापणारा माल, जवळचे अंतर आणि अरुंद वळणे असतील, तर एकेरी आसेचा ट्रेलर पुरेसा आणि किफायतशीर आहे. पोलाद, यंत्रे, फरशी किंवा भरलेला कंटेनर लांब पल्ल्यावर न्यायचा असेल, तर दुहेरी आसेला पर्याय नाही. अडचण मधल्या भागात आहे. हलक्या मालासाठी घेतलेला एकेरी आसेचा ट्रेलर भाड्याच्या दबावाखाली जड माल भरू लागतो, तेव्हा दंड चालक आणि मालकास होतो, भाड्यातील बचत माल पाठवणाऱ्याच्या पदरात पडते आणि रस्त्याची दुरुस्ती सार्वजनिक पैशांतून होते.

त्यामुळे ही निवड केवळ वाहनमालकावर सोपवून प्रश्न सुटणार नाही. माल भरला जातो त्या ठिकाणीच आसनिहाय वजन झाले, माल पाठवणाऱ्यावरही जबाबदारी आली आणि पथकर रस्त्याच्या हानीशी जोडला गेला, तर दुहेरी आस मालकालाही परवडेल. तोपर्यंत मारतहळ्ळीच्या चौकातील खचलेल्या डांबराचा खर्च तेथून रोज दुचाकीवर जाणारा नागरिक भरत राहील.