तूप विमानतळावरच राहिलं!

मैत्रिणींनो, शाळेत मुलांना डच लोक शिकवायचे म्हणजे दोन ओळींचं काम. पोर्तुगीज, इंग्रज, फ्रेंच आले तसे तेही व्यापाराला आले, आपल्या वेंगुर्ल्याला त्यांची वखार होती, झालं! त्याच डचांच्या देशात जाऊन आपल्याला किराणा भरावा लागेल, असं उमरीत बसून मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. पण गेल्या वर्षी तसा योग आला खरा.

माझी धाकटी बहीण नेदरलँड्समध्ये, अ‍ॅमस्टरडॅमला लागून असलेल्या आम्स्टलवेनला राहते. तिचं पहिलंच बाळंतपण. सासूबाई नाहीत, आणि आमच्या आईचे गुडघे धरलेले. तेव्हा बिनपगारी रजा काढून मीच निघाले. आईची तयारी पंधरा दिवस चालू होती. डिंक, खारीक, सुंठ, येसर, काळा मसाला आणि या सगळ्यांवर मान म्हणजे घरच्या लोण्याचं दोन किलो तूप! "एवढं तिच्या पोटात गेलं पाहिजे," असं म्हणून तिने डबा स्वतःच्या हाताने फडक्यात बांधून दिला.

ते तूप विमानतळाबाहेर गेलंच नाही. युरोपीय संघात बाहेरच्या देशातून येणाऱ्या प्रवाशाला मांस, दूध आणि त्यांचे पदार्थ बरोबर नेता येत नाहीत. तूप, पेढे, खवा, पनीर सगळं त्यात आलं. बहुतेक ताजी फळं-भाज्याही २०१९ च्या डिसेंबरपासून सरकारी दाखल्याशिवाय चालत नाहीत, म्हणजे कढीपत्त्याची जुडीसुद्धा नाही. चूक माझीच, आधी विचारलं नाही. तुम्ही मात्र ध्यानात ठेवा.

घरी पोचले तेव्हा लेक होऊन एकच दिवस झाला होता. बहिणीने पहिला प्रश्न केला, "अक्का, तूप कुठंय?" मी सांगितलं आणि तिचे डोळे भरून आले. तेवढ्यात आईचा फोन. "पोचलं का गं तूप?" मी पटकन "हो" म्हणून गेले. आईशी खोटं बोलले, आणि तो काटा मला बोचत राहिला.

त्याचा राग मी काढला तो बहिणीवरच! तिकडे बाळंतपणानंतर आठवडाभर रोज काही तास एक शिकलेली बाई घरी येते. बाळाचं वजन करते, आईकडे बघते, घरातलंही थोडं आवरते. विम्यातून ही सोय असते. त्या बाईंनी पाव, चीज, केळं पुढे केलं की मी ताट मागे घ्यायची. केळं थंड, चीज जड, पाव शिळा! तिसऱ्या दिवशी बहीण म्हणाली, "अक्का, तू माझ्यासाठी आलीस का त्या डब्यासाठी?"

मी उत्तर दिलं नाही. पिशवी उचलली आणि एकटीच दुकानात गेले.

दुकान केवढं मोठं, आणि एक अक्षर वाचता येईना! लिपी इंग्रजीचीच, पण शब्द सगळे डच. मी एकेका कपाटासमोर उभी राहून, विचारत विचारत, पाटीवर लिहून घेतल्यासारखं वहीत टिपलं. 'मेल्क' म्हणजे दूध, 'कार्नेमेल्क' म्हणजे ताक. 'क्वार्क' चाखून पाहिलं तर थेट आपला चक्का! टांगून ठेवायची कटकट नाही, साखर-वेलदोडा घातला की श्रीखंड तयार. रवाही मिळतो. आणि लोणी! तिथलं 'रोमबोटर' बहुतेक विरजलेल्या सायीचंच असतं, म्हणून त्याला आपल्या लोण्याचा वास येतो. २५० ग्रॅमची चार पाकिटं आणली, मंद आचेवर कढवली, सुमारे ८०० ग्रॅम रवाळ तूप निघालं. मात्र बिनमिठाचंच घ्यायचं, 'ऑनखेझाउटन' असं लिहिलेलं. घरभर वास सुटला तशी बहीण बाळाला घेऊन स्वयंपाकघरात आली आणि नुसती उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी तिच्या यजमानांनी मला 'टोको'त नेलं. टोको हा इंडोनेशियाकडचा शब्द, अर्थ साधा, दुकान. इंडोनेशिया डचांच्या ताब्यात होता, तिथून तो आला. आम्ही गेलो ते टोको मात्र सुरिनामच्या हिंदुस्थानी कुटुंबाचं. यांचे पूर्वज १८७३ पासून कलकत्त्याहून जहाजाने दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला डचांच्या मळ्यांवर मजुरीला गेले. १९७५ मध्ये सुरिनाम स्वतंत्र झाला त्या सुमारास पुष्कळ जण नेदरलँड्सला आले. गल्ल्यावरच्या आजीबाईंची बोली आपल्या बिहारकडच्या माणसासारखी. कारलं, चवळीच्या शेंगा, डाळी, ओवा, सगळं त्यांच्याकडे होतं. त्यांच्या मागच्या कितीतरी पिढ्यांना माहेरचा डबा आलाच नसेल! तरी जिरं-हळद त्यांनी सोडली नाही. मला माझ्या दोन किलोंच्या रडण्याची लाज वाटली.

आणि खरी गंमत पुढेच आहे. त्या घरी येणाऱ्या बाईंनी पाचव्या दिवशी एक बशी पुढे केली. गोल, कुरकुरीत टोस्ट, वर लोणी, आणि त्यावर गुलाबी-पांढरे बारीक दाणे. मुलगी झाली की गुलाबी, मुलगा झाला की निळे. बाळ बघायला येणाऱ्या प्रत्येकाला तिथे हेच देतात. दाण्यांना म्हणतात 'माउशस', म्हणजे उंदराची पिल्लं! मी भीतभीतच एक दाणा चावला. आत काय असावं? साखरेत घोळवलेली, बडीशेपेच्या चवीची बी! बाळंतिणीला दूध यावं म्हणून द्यायची, अशी त्यांच्याकडची जुनी समजूत, असं बाईंनी सांगितलं. मैत्रिणींनो, आपण बाळंतशोपा देतो तो आणखी कशासाठी? मी आत जाऊन डिंकाचा लाडू आणला आणि त्यांच्या हातावर ठेवला. त्यानंतर पाव-चीजची बशी मी मागे घेतली नाही. सकाळी त्यांचं, दुपारी-रात्री माझं, असा तह झाला.

त्या रात्री आईला फोन करून खरं काय ते सांगितलं. आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "जाऊ दे. तू पोचलीस ना?"

तुमच्यापैकी कुणाची लेक, सून, बहीण तिकडे असेल तर चार गोष्टी सांगते. एक, कोरडे मसाले, डिंक, सुंठ असंच न्या, आणि निघण्यापूर्वी त्या देशाचे नियम एकदा विचारून घ्या. दोन, शाकाहारी असाल तर चीज घेताना जपून, कारण पुष्कळ चीजमध्ये वासराच्या जठरातलं विरजण असतं. लेबलावर शाकाहारी लिहिलेलं बघून घ्या. जिरं घातलेलंही चीज मिळतं, ते आपल्या तोंडाला लवकर रुचतं. तीन, काळ्या गोळ्यांच्या पिशव्या दिसतील, त्यांना 'ड्रॉप' म्हणतात. आत ज्येष्ठमध असतो. खारट जातीच्या गोळ्यांत तर चक्क नवसागर असतो, आपला कल्हईवाला वापरायचा तोच! चव म्हणून एखादी ठीक, पण ज्येष्ठमध फार खाल्ला तर रक्तदाब चढतो, म्हणून गरोदर बाईने लांबच राहावं. चार, बाळंतिणीच्या पथ्यावरून तिच्याशी भांडू नका. तिथली नर्स आणि डॉक्टर काय सांगतात तेही ऐका.

परत येताना आईसाठी त्या गुलाबी दाण्यांचं एक खोकं आणलं. आईने चार दाणे तोंडात टाकले, डोळे मिटून चावले आणि म्हणाली, "हा तर बाळंतशोपाच की गं! मग एवढं रडलात कशाला दोघी?"