ध्रुवावर पोहोचलेला वणवा

2019 सालच्या अखेरच्या दिवशी सकाळी ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय किनाऱ्यावरील मालाकूटा या लहानशा गावावर वणव्यांमुळे भर उन्हाळ्यात काळोख पसरला, आणि घरादारांची आशा सोडून समुद्रकाठी जमलेल्या माणसांच्या डोक्यावरचे आकाश तांबडेलाल झाले. नौदलाच्या जहाजाने त्यांची सुटका केली, वृत्तपत्रांनी ती हकीकत छापली; परंतु त्या वणव्यांच्या धुराने पुढे जे केले त्याची दखल शास्त्रज्ञांखेरीज फारशी कोणी घेतली नाही, आणि ती घेतली गेलीच पाहिजे असे माझे आग्रहाचे मत आहे.

वणवा अतिप्रखर झाला म्हणजे त्याच्या उष्णतेने उसळलेल्या हवेतून गडगडाटी मेघ तयार होतात आणि ते धूर थेट स्थितांबरात नेऊन सोडतात. त्या दिवसांत सुमारे दहा लाख टन धूर असा वर गेला. खालच्या हवेतील धूर पावसाने लवकरच धुऊन निघतो, वर मात्र पाऊसच नसल्यामुळे तो महिनोन्‌महिने रेंगाळतो. त्यातच त्यातील काजळी ऊन शोषून भोवतीची हवा तापवीत गेल्याने हजार किलोमीटर रुंदीचा एक भोवरा 35 किलोमीटर उंचीपर्यंत चढला.

या धुराचा घाव बसला तो ओझोनवर. फार्मन, गार्डिनर व शँकलिन या शास्त्रज्ञांनी 1985 मध्ये अंटार्क्टिकावरील ओझोनचा ऱ्हास उजेडात आणल्यावर 1987 च्या माँट्रियल करारान्वये क्लोरोफ्लुरोकार्बन वायूंचे उत्पादन बंद होत गेले. पण तत्पूर्वी हवेत सोडलेल्या वायूंचे क्लोरीन अद्याप वर शिल्लक आहे. एरवी ते बहुतांशी हायड्रोजन क्लोराइडाच्या रूपात निरुपद्रवी होऊन असते. ध्रुवीय हिवाळ्यात पारा शून्याखाली 78 अंशांच्याही खाली उतरून स्थितांबरात मेघ जमले, की त्या मेघकणांवर ते मोकळे होते आणि वसंतात सूर्य परतताच ओझोनचा फडशा पाडते. 1986 साली अंटार्क्टिकात मोहीम नेऊन याच क्रियेचा पुरावा गोळा करणाऱ्या सुसान सॉलोमन यांनी 2023 मध्ये सहकाऱ्यांसह असे दाखविले, की धुरातील सेंद्रिय कणांत हायड्रोजन क्लोराइड तितक्या थंडीवाचूनही विरघळते, आणि जे काम पूर्वी ध्रुवावरील कडाक्यावाचून होत नसे ते मध्य अक्षांशांवरही होऊ लागते. त्यांच्या हिशेबाप्रमाणे 2020 मध्ये त्या पट्ट्यातील ओझोन 3 ते 5 टक्क्यांनी घटला, आणि ध्रुवावरील ओझोनचे विवर 25 लाख चौरस किलोमीटरांनी, म्हणजे आपल्या देशाच्या तीनचतुर्थांश क्षेत्रफळाइतके, रुंदावले.

माँट्रियल करार हे मानवजातीच्या शहाणपणाचे थोर उदाहरण आहे, यात मला तिळमात्र शंका नाही. परंतु 2066 च्या सुमारास ध्रुवावरील विवर भरून निघेल असे भाकीत हाती पडताच ओझोनचे प्रकरण दफ्तरी दाखल करून मोकळे होण्याची जी वृत्ती राज्यकर्त्यांत व लोकांतही दिसते, ती घातक आहे. कारण करारनाम्याचा अंमल कारखान्यांवर चालतो, जळत्या अरण्यावर नाही. अरण्ये अधिक वेळा व अधिक तीव्रतेने पेटावीत अशी परिस्थिती कोळसा आणि तेल जाळून आपणच निर्माण करीत असल्यामुळे, कर्बवायूंच्या वाटाघाटींत ओझोनचा प्रश्नही मांडला गेला पाहिजे.

याहूनही निकडीची गोष्ट पहाऱ्याची आहे. 2020 मधील हायड्रोजन क्लोराइडाची विलक्षण घट 2004 साली सोडलेल्या ऑरा उपग्रहावरील यंत्राने टिपली होती, आणि तो उपग्रह आता अगदीच जीर्ण झाला आहे. तशा मोजमापांत खंड पडू न देण्याची तरतूद सर्व राष्ट्रांनी मिळून करावी, आणि गोव्यातील वास्को येथे ध्रुवीय संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र चालविणाऱ्या, तसेच अंटार्क्टिकात मैत्री व भारती ही स्थानके सांभाळणाऱ्या आपल्या सरकारने त्या खर्चाचा वाटा आपण होऊन उचलावा.