दोन जिवांची, पण यादीत शेवटची

गर्भवती बाईला आपण मोठ्या कौतुकाने ‘दोन जिवांची’ म्हणतो. तिचे डोहाळे पुरवतो, ओटी भरतो. पण गावात साथ शिरली, की त्या दोन जिवांपैकी एकही आपल्या हिशेबात उरत नाही. दिवाळीत हे कडू बोलणे कशाला, असे कुणी म्हणेल. परंतु नरकचतुर्दशीला कडू कारीट चिरडण्याची तर आपली रीतच आहे!

पुरावा फार दूरचा नाही. 16 जानेवारी 2021 रोजी देशात कोरोनाची लस टोचू लागले, ते गर्भवतींना वगळून. कारण काय, तर लशीच्या चाचण्यांत त्यांना घेतलेच नव्हते. परवानगी मिळाली 2 जुलैला. तोवर दुसरी लाट कित्येक घरे ओस पाडून गेली होती. शहाणे म्हणतात, ‘बाळाला अपाय होऊ नये म्हणून ही सावधगिरी.’ मी विचारतो, आईला रोगाच्या तोंडी ठेवून बाळ कसे वाचणार? गरोदरपणी कोरोना अधिक जोर करतो, अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीचा धोका वाढतो. उलट आईने घेतलेल्या लशीचे संरक्षण नाळेवाटे बाळालाही मिळते. चाचणीत घ्यायचे नाही आणि चाचणी झाली नाही म्हणून लस द्यायची नाही, हा न्याय कुठला?

प्लेगच्या वेळी, 1897 साली, साथरोगांचा कायदा झाला. 2020 साली त्यात दुरुस्ती होऊन डॉक्टर-परिचारिकांवर हात टाकणाऱ्यांना शिक्षा ठरली. ते योग्यच झाले. पण गर्भवतीसाठी त्यात एक ओळ नाही.

आमच्या बारामती-इंदापुरात तर हा प्रश्न दरसाल दारी येतो. दिवाळीच्या सुमारास माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या गाळपासाठी ऊसतोडीच्या टोळ्या बीडकडून येतात. त्यांत दिवस गेलेल्या बायाही असतात. नाव गावच्या अंगणवाडीच्या वहीत, बाई इथल्या फडात! मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा राज्यभर अशी कुटुंबे कारखान्यांपाशी अडकली. परतीची परवानगी निघाली एप्रिलच्या मध्यावर. बाळंतपण काही सरकारी हुकुमासाठी थांबत नाही.

आणि साथ कोरोनाचीच असते असेही नाही. महाराष्ट्रातला झिकाचा पहिला रुग्ण जुलै 2021 मध्ये सापडला, तो शेजारच्या पुरंदर तालुक्यातील बेलसरला. डासांनी पसरणारा हा रोग बहुतेकांना फारसा त्रास न देता जातो. गर्भातल्या बाळाच्या मेंदूची वाढ मात्र तो खुंटवू शकतो. म्हणून कोपीपुढच्या पाण्याच्या पिंपावर झाकण आहे की नाही, हे पाहणे हेही गर्भरक्षणच आहे.

माझे मागणे फार नाही. हंगामाच्या पहिल्या आठवड्यात कोपीकोपीतल्या गर्भवतींची नोंद व्हावी. साथीतही त्यांच्यासाठी एक गाडी आणि प्रसूतीची खाट राखून ठेवावी. त्यांच्या संमतीने चाचण्यांत त्यांना स्थान मिळावे, आणि निर्धोक ठरलेल्या लशीच्या यादीत त्यांचे नाव वर असावे. ‘हे जमायचे कसे?’ असे कुणी विचारील. वजनकाट्यावर उसाचा किलो न् किलो मोजणाऱ्या तालुक्यांना दोन जिवांच्या बाया तेवढ्या मोजता येत नाहीत, हे मला पटत नाही. तुम्हांला पटते?