शिक्षेची किंमत, शब्दाची पत

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला आणि त्याच्या सतराव्या कलमाने शाळेतील शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई केली. शाळेच्या फाटकाबाहेर मात्र कायद्याचा स्वर मवाळ होतो. बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठी पालकाने सद्भावनेने केलेल्या कृतीला जुन्या दंड संहितेने दिलेले संरक्षण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही कायम आहे. स्वीडनने १९७९ मध्येच घरातील मारही बेकायदा ठरविला. आपल्याकडे तो प्रश्न बव्हंशी पालकाच्या विवेकावर सोपविलेला आहे. हा विवेक कशाच्या आधारे चालावा?

जवाहरनगरसारख्या आयुध निर्माणीच्या वसाहतीत काय, किंवा अन्य कोणत्याही नोकरदार वस्तीत काय, चित्र सारखेच दिसते. चार वर्षांचे मूल धाकट्या भावाला चावते. पाळी संपवून आलेल्या बापाच्या हातची एक चापट त्याला बसते आणि रडणे थांबावे म्हणून पाच मिनिटांत तोच हात मोबाइल पुढे करतो. यालाच आपण शिस्त व माया यांचा समतोल समजतो. वस्तुतः यात शिस्तही नाही आणि मायाही नाही. आहे तो केवळ थकवा.

इस्रायलमधील हैफा शहरातल्या पाळणाघरांचा एक अभ्यास उरी ग्नीझी व आल्डो रुस्तिकिनी या अर्थशास्त्रज्ञांनी २००० मध्ये प्रसिद्ध केला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना काही पाळणाघरांनी दंड लावला. उशीर कमी होण्याऐवजी वाढला, आणि दंड रद्द केल्यावरही तो पूर्वपदावर आला नाही. दंड हा पालकांच्या लेखी उशिराची किंमत ठरला. किंमत मोजली की संकोच उरत नाही. सुशिक्षित प्रौढांची ही रीत, तर बालकाची निराळी कशी असेल? चापट खाल्ली की हिशेब मिटला, एवढेच ते शिकते. भावाला दुखले, हा मुद्दा बाजूलाच राहतो.

‘आम्हीही मार खाल्ला, आमचे काय बिघडले?’ असा प्रश्न हटकून विचारला जातो. ज्यांचे बिघडले, ते या चर्चेत साक्ष द्यायला बसलेले नसतात, हे त्याचे उत्तर.

मग मोकळे सोडावे काय? मुळीच नव्हे. शिक्षेच्या कठोरपणापेक्षा तिची निश्चिती अधिक परिणामकारक असते, हे इटालियन विचारवंत बेकारिया याने १७६४ मध्येच मांडले होते. आपल्या घरांत नेमके उलट घडते. ‘हातपाय तोडीन’, ‘पोलिसाला देईन’ अशा धमक्यांच्या नोटा आपण वारेमाप छापतो. त्यांच्यामागे तारण नसते, म्हणून त्यांचे मोल दिवसेंदिवस घसरते. ही शब्दांची चलनवाढ होय. स्फोटकांच्या कारखान्यात काडेपेटी न्यायची नाही, हा नियम साहेबाला आणि मजुराला एकच असतो. तो पाळला जातो तो कुणी ओरडतो म्हणून नव्हे, तर त्याला अपवाद नाही म्हणून. घरातले नियमही असेच थोडे, स्पष्ट आणि वडीलधाऱ्यांनाही लागू असावेत. चावणाऱ्या मुलाचा हात शांतपणे धरावा, त्याला बाजूला घ्यावे, भावाचा वळ दाखवावा आणि त्या वेळचा खेळ थांबवावा. दर वेळी तेवढेच. कमी नाही, जास्तही नाही.

मायेचे स्थान येथेच आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य सुरू केले, त्यामागे माँटेसरींच्या विचाराची प्रेरणा होती. त्या विचारात शिक्षा आणि बक्षीस या दोहोंनाही थारा नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. चापट आणि चॉकलेट ही एकाच बाजाराची दोन चलने आहेत. माया हा शिक्षेनंतर द्यावयाचा मोबदला नव्हे. ते आधीपासून साठवलेले भांडवल होय. रोज मुलाशी बोलण्यात गेलेली दहा मिनिटे ही त्यातली ठेव. ज्या घरात ती नियमाने भरली जाते, तेथे ‘नाही’ हा एकच शब्द वटतो.

म्हणून शिस्त आणि माया ही तराजूची दोन पारडी मानण्याचे सोडून द्यावे. नियम ठाम असावा आणि तो सांगणारा आपलाच आहे, याविषयी मुलाला क्षणभरही शंका वाटू नये. कायदा बदलेल तेव्हा बदलेल. घराच्या उंबरठ्याआड हा बदल करायला कोणत्याही अधिसूचनेची गरज नाही.